जुन्या वास्तूतल्या बुटीक हॉटेलात पहिल्यांदा राहायला जाताना

बॉस्टनचं लिबर्टी हॉटेल म्हणजे १८५१ साली बांधून झालेला चार्ल्स स्ट्रीट तुरुंग. इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागातलं फोर सीझन्सही आधी तुरुंगच होतं. १९९६ साली तिथे हॉटेल सुरू झालं. स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलाचं पाराडोर, म्हणजे तिथलं सरकारी हॉटेल, ज्या इमारतीत आहे, ती १४९९ साली दमूनभागून आलेल्या यात्रेकरूंसाठी इस्पितळ म्हणून स्थापन झाली होती. आणि ॲमस्टरडॅमचं पुलित्झर हॉटेल तर कालव्याकाठची पंचवीस जुनी घरं आतून एकमेकांना जोडून केलेलं आहे. ही सगळी हॉटेलं आकाराने, थाटाने वेगवेगळी आहेत. पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच: इमारत आधी होती, हॉटेल मागाहून तिच्यात बसवलं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढं पक्कं लक्षात ठेवावं. नेहमीच्या मोठ्या हॉटेलात आधी खोलीचा नकाशा ठरतो आणि तशाच शंभर-दोनशे खोल्या रचून इमारत उभी राहते. म्हणून तिथे कुठलीही खोली मिळाली तरी फारसं बिघडत नाही. इथे मात्र एकाच मजल्यावरच्या, एकाच भाड्याच्या दोन शेजारच्या खोल्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एकीत छत उंच, खिडकी पुरुषभर. दुसरीत खिडकी अंगणातल्या भिंतीवर उघडणारी आणि बाथरूमला जायला दोन पायऱ्या. पैसे तेवढेच. त्यामुळे इथे बुकिंगआधी थोडी मेहनत घ्यावी लागते, आणि ती घ्याच.

हे असं का असतं, तेही समजून घेऊ. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस सनद तयार झाली. तिच्या पाचव्या कलमाचा आशय असा की, वास्तू समाजाच्या उपयोगात राहिली तर ती जपणं सोपं जातं, मात्र त्या उपयोगापायी तिची रचना किंवा सजावट बदलता कामा नये. संरक्षित वास्तूंचे बरेच नियम याच विचाराने जातात. म्हणजे हॉटेलमालकाला मधली भिंत पाडून खोली मोठी करता येत नाही, खिडकी रुंद करता येत नाही, कित्येकदा भिंतीत पाइपसुद्धा खोदून घालता येत नाही. मग बाथरूम खोलीच्या मधोमध लाकडी कपाटासारखं उभं केलेलं दिसतं, उद्या काढून घेतलं तरी मूळ भिंतीला ओरखडा राहू नये म्हणून. पॅसेज मध्येच तीन पायऱ्या चढतो, कारण तिथे पूर्वी दोन वेगळी घरं होती. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा हॉटेलवाल्याचा गलथानपणा वाटतो. खरं तर ती वास्तूचा मान राखण्याची किंमत आहे.

आधी हॉटेल खरंच तसं आहे का, ते बघा

‘बुटीक हॉटेल’ हा शब्द रूढ होण्यात न्यूयॉर्कच्या मॉर्गन्स हॉटेलचा मोठा वाटा मानला जातो. इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी ते १९८४ साली सुरू केलं. मोठं डिपार्टमेंट स्टोअर आणि निवडक माल ठेवणारं छोटं दुकान, म्हणजे बुटीक, यांत जो फरक, तोच इथे अभिप्रेत आहे. खोल्या कमी, प्रत्येकीची सजावट निराळी, आणि नोकरवर्गाला पाहुणा नावाने माहीत. पण या शब्दावर कुणाची मक्तेदारी नाही, कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून वेबसाइटवर सगळ्यात आधी खोल्यांची संख्या शोधा. दहा-वीस-चाळीस असेल तर ठीक. दीडशेच्या पुढे गेली तर हॉटेल उत्तमही असेल, पण तुम्ही ज्या निवांतपणासाठी पैसे मोजताय तो तिथे मिळेलच असं नाही.

दुसरी तपासणी इमारतीची. काही ठिकाणी फक्त रस्त्याकडची दर्शनी भिंत जुनी ठेवलेली असते आणि मागे सगळं नवं सिमेंट-काँक्रीट. ओळखायचं कसं? खोल्यांचे फोटो एकापुढे एक ठेवा. सगळ्या खोल्या एकाच मापाच्या, छत सारख्याच उंचीचं, खिडक्यांचे कोनाडे उथळ असतील तर आतली इमारत नवी आहे असं समजा. भिंत जुनी आणि जाड असली की खिडकीचा कोनाडा इतका खोल असतो की त्यात माणूस बसू शकतो. जिन्याचा फोटो तर हमखास बघावा. जिना जुना असेल तर हॉटेल तो अभिमानाने दाखवतंच.

आणि तिसरं: नवी जोडइमारत. बऱ्याच हॉटेलांची मूळ वास्तू एक आणि मागच्या बाजूला नंतर बांधलेली दुसरी असते. कमी भाड्याच्या खोल्या पुष्कळदा त्या दुसऱ्या इमारतीत असतात. लॉबीचे झुंबरवाले फोटो बघून बुकिंग करायचं आणि झोपायचं मात्र मागच्या नव्या विंगेत, असं होऊ नये म्हणून स्पष्ट विचारून घ्या.

खोली निवडणं हेच खरं काम

माझं ठाम मत आहे की अशा ठिकाणी हॉटेल निवडायला एक तास लावलात, तर खोली निवडायला दोन लावा.

मजल्यापासून सुरुवात करू. आपल्याला सवय असते ‘वरचा मजला द्या, शांत असतो, नजारा चांगला’ असं म्हणायची. जुन्या वास्तूत हा हिशेब उलटा पडू शकतो. माणसांची ने-आण करणारी पहिली व्यावसायिक लिफ्ट ओटिसने न्यूयॉर्कच्या एका दुकानात बसवली १८५७ साली. त्याआधीच्या घरांमध्ये वर चढून जाणं म्हणजे कष्ट, म्हणून मालकाचा दिवाणखाना आणि मुख्य दालनं तळमजल्याच्या लगेच वर, पहिल्या मजल्यावर असायची. युरोपातल्या जुन्या हवेल्यांमध्ये तर हा मजला बाहेरूनही ओळखू येतो: खिडक्या सगळ्यात उंच, कोरीवकाम सगळ्यात जास्त. जसजसं वर जावं तसतशी छतं खाली येतात, आणि अगदी वर, उतरत्या छपराखाली, नोकरांच्या खोल्या. आज त्याच खोल्या ‘ॲटिक रूम’ म्हणून मिळतात. त्या गोड असतात, पण तिरक्या छताला डोकं लागतं, उन्हाळ्यात तापतात आणि खिडकी आकाशाकडे उघडते, रस्त्याकडे नाही. उंच छत आणि भव्यपणा हवा असेल तर पहिला मजला मागा. फक्त रस्त्याचा आवाज थोडा जास्त येईल हे धरून चाला.

हेही लक्षात असू द्या की काही देशांत आपण ज्याला तळमजला म्हणतो त्यालाच पहिला मजला म्हणतात. मेल पाठवताना ‘रस्त्याच्या पातळीच्या वरचा मजला’ असं लिहिलेलं बरं.

मग बाजू. रस्त्याकडची खोली की आतल्या चौकाकडची? गाढ झोप लागणाऱ्याने रस्त्याकडची घ्यावी, शहर खिडकीतून दिसतं. ज्याची झोप सावध आहे त्याने चौकाकडची. पण चौकात रात्री रेस्टॉरंट किंवा बार चालतो का, ते आधी विचारावं, कारण चारही बाजूंनी भिंती असल्या की चमचा पडल्याचा आवाजसुद्धा वरपर्यंत येतो.

आवाजाबद्दल अजून थोडं. दगडविटांच्या जाड भिंती बोलण्याचा, टीव्हीचा आवाज चांगला अडवतात. शेजारच्या खोलीत काय चाललंय ते सहसा कळत नाही. पण तक्तपोशी लाकडी असेल, तर वरच्या खोलीतलं प्रत्येक पाऊल खाली उतरतं, कारण फळ्या आणि तुळया तो धक्का थेट पुढे नेतात. झोपेच्या बाबतीत हळवे असाल तर डोक्यावर दुसरी खोली नसलेली खोली मागा.

आता लिफ्ट. इथे मी स्वतः चुकले आहे. सासूबाईंचे गुडघे दुखरे, म्हणून बुकिंगआधी मी एका हॉटेलला विचारलं होतं, लिफ्ट आहे का? आहे, असं उत्तर आलं आणि ते खरंही होतं. पण ती लिफ्ट जुन्या जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली, त्यामुळे तिचं दार मजल्यावर न उघडता जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उघडायचं. तिथून खोलीपर्यंत नऊ दगडी पायऱ्या, गुळगुळीत झालेल्या, आणि कठडा एकाच बाजूला. तीन दिवस सासूबाई सकाळी एकदा उतरल्या की रात्रीच वर जायच्या. दुपारी आडवं व्हायची त्यांची सवय, ती तेवढे दिवस मोडली. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं. तेव्हापासून मी प्रश्न असा विचारते: रस्त्यावरून खोलीतल्या पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतील? आकडा मागा. ‘थोड्या’ हे उत्तर चालवून घेऊ नका. आणि बाथरूमला उंबरा आहे का, आंघोळ टबात चढून करायची की सपाट शॉवर आहे, हेही त्याच दमात विचारून घ्या. लहान मुलं बरोबर असतील तर खिडकीचा कट्टा जमिनीपासून किती उंच आहे ते विचारा. जुन्या खिडक्या कधी कधी गुडघ्याइतक्या उंचीवरच सुरू होतात.

हे सगळं फोनवर विचारण्यापेक्षा लिहून पाठवलेलं चांगलं, म्हणजे उत्तरही लेखी मिळतं. मेल छोटा असावा. काहीसा असा:

‘आम्ही अमुक तारखेपासून तीन रात्री येणार आहोत, दोघं जण. मूळ जुन्या इमारतीतली, आतल्या चौकाकडची, डोक्यावर दुसरी खोली नसलेली खोली हवी आहे. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? त्या काळात दुरुस्तीचं काम, लग्न किंवा मोठा कार्यक्रम आहे का? आमच्यासाठी कोणत्या क्रमांकाची खोली सुचवाल?’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. खोलीचा क्रमांक विचारला की पलीकडच्या माणसाला कळतं, या पाहुण्याला जाण आहे. चांगल्या हॉटेलात असा मेल आल्यावर कुणीतरी आपणहून दोन-तीन खोल्यांची तुलना करून लिहितं. एका ओळीचं कोरडं उत्तर आलं, तर तिथल्या सेवेचा अंदाज तुम्हाला घरबसल्या आला.

बुकिंग

बुकिंगच्या ॲपवर भाव जरूर बघा, पण अशा ठिकाणी बुकिंग थेट हॉटेलकडे करणं मला जास्त सोयीचं वाटतं. ॲप तुम्हाला खोलीचा वर्ग विकतं. ठरावीक क्रमांकाची खोली शेवटी हॉटेलच देतं. ॲपवर भाव कमी दिसला तर तो हॉटेलला कळवा. तेवढाच भाव किंवा नाश्ता द्यायला ते पुष्कळदा तयार होतात. पैसे परत न मिळणारा स्वस्त दर घेण्याआधी दोनदा विचार करा. आणि जुन्या इमारतींवर परांची बांधून डागडुजी वरचेवर चालते, तेव्हा दर्शनी भाग झाकलेला असेल का, तेही विचारून ठेवा.

तिथे पोहोचताना

जुनं शहर म्हणजे अरुंद गल्ल्या, दगडी फरशा, आणि पुष्कळदा गाड्यांना बंदी. टॅक्सी कुठपर्यंत येते, तिथून चालत किती, सामान घ्यायला कुणी येईल का, हे आदल्या दिवशी विचारा. चाकांची भलीमोठी बॅग अशा फरशीवर ओढणं म्हणजे शिक्षा आहे. दोन लहान बॅगा बऱ्या. दारावर मोठी पाटी नसेल, एखादी पितळी घंटा आणि बारीक अक्षरातलं नाव एवढंच असेल. उशिरा पोहोचणार असाल तर कळवा, कारण छोट्या हॉटेलात रात्री स्वागताला एकच माणूस असतो.

चेक-इनच्या वेळी ओळखपत्र किंवा पासपोर्ट आणि कार्ड मागतात. कार्डावर काही रक्कम अडवून ठेवली जाते. ती कापलेली नसते, फक्त राखून ठेवलेली असते आणि तुम्ही गेल्यावर काही दिवसांनी मोकळी होते. पण डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे दिवस ती रक्कम तुमच्याच खात्यात असून वापरता येत नाही. म्हणून इथे क्रेडिट कार्ड द्यावं, आणि किती रक्कम अडवताय ते विचारून घ्यावं.

खोलीत शिरल्यावर बॅग उघडू नका

आधी दहा मिनिटं खोली तपासा. नळ सोडा. बॉयलर लांब असेल तर गरम पाणी यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, ते चालतं. पण पाणी येतच नसेल किंवा धार अगदी बारीक असेल तर आत्ताच सांगा. कमोडचं पाणी सोडून बघा. खिडकी उघडा, लावा. वर सरकणारी जुनी खिडकी दोन्ही हातांनी, सरळ रेषेत ढकलायची असते; एका हाताने तिरकी ओढली की अडकते, आणि जोर केला तर आतली वजनाची दोरी तुटते. आतून दुसरी काच बसवलेली असेल तर ती रस्त्याचा आवाज अडवायला आहे, रात्री ती लावायची. वायफाय पलंगावर बसून तपासा, दारापाशी नाही. जाड भिंतींतून सिग्नल लंगडतो.

शांत उभं राहून वास घ्या. जुन्या चुन्याच्या भिंतीला मातकट, गार असा एक वास असतो, तो दोषाचा नाही. पण बुरशीचा कुबट वास असेल, कोपऱ्यात भिंत ओली लागत असेल, तर खोली बदलून मागा. सामान पसरण्याआधी मागितली तर सहज मिळते. रात्री अकराला मागितली तर सगळ्यांचीच पंचाईत.

आणि एक काम कधीच टाळू नका. खोलीतून बाहेर पडून आगीच्या वेळी उतरायचा रस्ता स्वतःच्या पायांनी एकदा चालून या. जुन्या इमारतीत पॅसेज वळणावळणाचे असतात, मधेच पायऱ्या येतात, बाहेरचा जिना भलत्याच टोकाला असतो. दारामागचा नकाशा बघणं वेगळं आणि वाट पायांना माहीत असणं वेगळं. आपोआप बंद होणारं दार खुर्ची लावून उघडं ठेवू नका; धूर अडवण्यासाठीच ते तसं केलेलं असतं. शेकोटी दिसली म्हणून पेटवायची नाही. पुष्कळदा तिचं धुराडं वरून बंद केलेलं असतं.

वस्तूंशी वागताना

तुमच्या खोलीतलं टेबल कदाचित त्या शहरातल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठं असेल. ओला पेला त्यावर थेट ठेवू नका, पांढरं वलय उठतं. संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं तर लगेच पुसा, नाहीतर आम्लाने दगडाची झिलई कायमची जाते. बॅग पलंगाच्या पायथ्याच्या बाकावर नको, त्यासाठी घडीचा स्टँड असतो, नसेल तर मागा. ओले कपडे रंगवलेल्या भिंतीवर किंवा लाकडी झडपांवर वाळत घालू नका. काही बिघडलंच तर लपवू नका. लगेच सांगितलं तर पुष्कळदा डाग निघतो, दोन दिवसांनी निघत नाही.

सेवेबद्दल

कॉन्सियर्ज, म्हणजे पाहुण्यांची बाहेरची कामं बघणारा माणूस, याच्याशी पहिल्याच संध्याकाळी बोला. त्याच्या कोटाच्या कॉलरवर एकमेकींवर ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या तर तो ‘ले क्ले दोर’ या संघटनेचा सदस्य आहे. ही संघटना १९२९ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. असा माणूस नसेल तर छोट्या हॉटेलात स्वागतकक्षावरची व्यक्तीच हे काम करते, आणि पुष्कळदा अधिक जिव्हाळ्याने. ‘काय बघण्यासारखं आहे?’ असं विचारू नका. ‘उद्या सकाळी तीन तास आहेत, चालायला आवडतं, गर्दी नको’ असं सांगा. नेमकं विचारलं की नेमकं मिळतं.

संध्याकाळी कुणी दार वाजवून पलंग झोपण्यासाठी आवरून द्यायचा का असं विचारेल. नको असेल तर नम्रपणे नाही म्हणा, त्यात काही वावगं नाही. टिप देण्याआधी बिलात सेवाशुल्क धरलंय का ते बघा.

वास्तूसाठी एक दुपार ठेवा

शहर बघायच्या नादात लोक इमारत बघायची विसरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान हॉटेल रिकामं असतं. तेव्हा स्वागतकक्षावर जाऊन विचारा, ‘कुणी इमारत दाखवेल का?’ जुन्या माणसाला हा प्रश्न फार आवडतो. रिकाम्या असलेल्या इतर खोल्याही दाखवतात कधी कधी.

कुणी नसेल तर एकट्याने बघा. जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या असतात, पुष्कळदा कठड्याच्या बाजूला जास्त, कारण वर जाणारा हात आधार शोधतो. मग खिडकीपाशी जा. एक डोळा मिटा आणि बाहेरच्या एखाद्या सरळ रेषेकडे, समोरच्या छपराच्या कडेकडे बघत डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. रेषा पाण्यातल्यासारखी हलली, तर ती काच जुनी. वितळलेल्या धातूवर काच तरंगवून सपाट करायची पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली, आणि पुढे खिडक्यांच्या काचा साध्या, निर्जीव सपाट झाल्या. त्याच्या पुष्कळ आधीच्या काचेत फुंकणाऱ्याचा श्वास आणि ओढणाऱ्याचा हात उरलेला असतो. एकाच खिडकीतल्या आठ काचांपैकी तीन हलतात आणि पाच स्थिर राहतात, तेव्हा पाच केव्हातरी फुटून बदलल्या हेही कळतं. मी एकदा अशी पूर्ण अर्धी दुपार घालवली आहे आणि त्या प्रवासातलं मला आज सगळ्यात ठळक तेच आठवतं.

निघताना

बिल आदल्या रात्री मागवून शांतपणे वाचा. मिनीबार आणि शहरकर या दोन ओळी विशेष बघा. अडवलेली रक्कम कधी सुटेल ते विचारा. गाडी रात्रीची असेल तर सामान ठेवून दिवसभर फिरता येतं, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे घेत नाहीत. आणि दार ओढून घेण्याआधी खोलीचा क्रमांक, खिडकीची दिशा, पायऱ्यांचा आकडा आणि त्या खोलीत काय आवडलं, काय खटकलं, हे फोनमध्ये टिपून ठेवा. पुढच्या वेळी तुम्ही, किंवा तुमच्या सांगण्यावरून जाणारं कुणी, मेलमध्ये वर्ग न लिहिता थेट तो क्रमांक लिहू शकेल.